बसकी शववाहिका

वाळवंटातल्या आमच्या एस्पान्योला गावात गाडी जितकी बसकी, तितका तिच्या मालकाचा रुबाब मोठा. पोट रस्त्याला टेकेल इतकी खाली, आणि चाल अशी की शेजारून पायी चाललेल्या म्हातारीनं तिला मागे टाकावं. ज्याला कुठं वेळेवर पोचायचं आहे त्यानं आमच्या गावात गाडी घेऊच नये, घोडा घ्यावा. रविवारी दुपारी रिव्हरसाइड रस्त्यावर या गाड्यांची रांग निघते. अख्खं गाव कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतं, आणि कुणाचा रंग उतरलाय, कुणाचं क्रोम खरं आणि कुणाचं नुसतं घासलेलं, यावर पुढचा आठवडाभर तोंडं चालतात.

मी, डेल्फिना मेस्तास, सोळा वर्षांची होईपर्यंत त्या रांगेत एकदाही बसले नव्हते. आमच्याकडे गाडी नव्हती असं नाही. चांगली लांबलचक जुनी कॅडिलॅक होती. पण ती शववाहिका होती.

माझे पापा गावातल्या मेलेल्या माणसांची शेवटची व्यवस्था बघतात. वर आमचं घर, खाली शवपेट्या. मला त्यात काही वाटायचं नाही, कारण मी तिथंच रांगायला शिकले. पण शाळेत जेवणाच्या रांगेत मी उभी राहिले की पुढचं पोरगं नाक दाबून धरायचं. "आज कुणाला न्यायला आलीस, डेल्फिना?" एकदा मी एकाच्या डोक्यात ताट घातलं. त्यात माझाच हिरव्या मिरचीचा रस्सा वाया गेला आणि वर शिक्षा झाली ती वेगळीच. माझं डोकं लवकर तापतं, ते कबूल करून टाकलेलं बरं.

ही नाक दाबायची टूम काढली गिल्बर्ट लुहाननं. त्याच्या बापाचं टायरचं मोठं दुकान. तो आणि त्याचे दोस्त उंच पिकअपमधून हिंडायचे, इतक्या उंच की चढायला शिडी लागावी. गाडी उंच असली की माणूसही उंच होतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आमची तिघांची गाठ पडली पाटावर. शाळेच्या मागून शेतांना पाणी नेणारा पाट जातो. तिथं एका दुपारी आर्सेनियो काठावर पालथा पडून पाण्यात हात घालत होता. आर्सेनियो म्हणजे जाडगेला, गोरा, चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या बाजूला मेणबत्ती धरून उभा राहणारा मुलगा. त्याची मावशी नवऱ्यामुलींचे झगे शिवायची, आणि तो तिच्या हाताखाली शिवायला बसायचा. त्याचा टाका मावशीपेक्षा बारीक होता. झालं, गिल्बर्टच्या टोळीला तेवढं पुरलं. "शिंपीणबाई, माझी पँट उसवलीय," असं म्हणत रोज कुणीतरी त्याच्यापुढे पार्श्वभाग करून उभं राहायचं. त्या दिवशी त्यांनी त्याची शिवणाची पिशवी पाटात फेकली होती.

मी बूट काढून पाण्यात उतरले. पिशवी वाहत पुढे गेली होती. पुढच्या वळणावर एक उंच, काटकुळा मुलगा आधीच कमरेइतक्या पाण्यात उतरला होता आणि पिशवी डोक्यावर धरून येत होता. तो एलॉय.

एलॉयचा बाप गाड्या चोरल्याबद्दल तुरुंगात होता. त्यामुळे एलॉय नुसता गाड्यांच्या जवळून गेला तरी लोक खिशातल्या किल्ल्या चाचपायचे. त्याचा एक कान पार बंद, दुसऱ्याला यंत्र लावलं तरच ऐकू यायचं. आणि देवाची करणी बघा, पोराला जगात नाद एकाच गोष्टीचा, गाड्यांचा. रविवारी तो रांग बघायला यायचा तेव्हा दोन्ही हात पँटच्या खिशात कोपरापर्यंत कोंबून उभा राहायचा. आमच्याकडे मालकाला न विचारता गाडीला बोट लावणं म्हणजे त्याच्या बायकोच्या गालाला बोट लावण्यासारखं आहे. बाकीच्यांनी असं बोट लावलं तर शिवी मिळायची. एलॉयनं लावलं असतं तर पोलीस आले असते.

पिशवीतलं ओलं कापड वाळवायला मी दोघांना आमच्या मागच्या अंगणात आणलं. तिथं पापांची जुनी शववाहिका उभी होती. नवी घेतल्यापासून तिला कुणी हलवलं नव्हतं. आर्सेनियोनं तिच्या बॉनेटवर पिवळं रेशीम, कात्र्या, रिळं पसरली. एलॉय मात्र लांबच उभा. मान वाकडी करकरून चाकांखाली बघत होता, पण हात खिशात.

"लाव की हात," मी म्हणाले.

"कुणाची आहे?"

"माझ्या बापाची. म्हणजे अर्धी माझी. लाव."

त्यानं हात बाहेर काढले. आधी पँटला पुसले. मग दाराच्या कडेवरून तळवा असा फिरवला, की मी दुसरीकडे बघितलं.

"हिला खाली बसवता येईल," तो म्हणाला. "हिच्याइतकी लांब गाडी अख्ख्या रांगेत नाही. ही खाली बसली ना, तर मगर दिसेल."

"मगर मेलेल्या माणसांना घेऊन फिरायची," आर्सेनियो म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. आम्ही इतके हसलो की त्याची रिळं बॉनेटवरून घरंगळली.

पापांना विचारायचं काम माझं होतं. पापा रागावत नाहीत, नुसता त्यांचा आवाज कमी होतो. त्या संध्याकाळी तो इतका कमी झाला की मला टेबलावर वाकावं लागलं.

"रंग काळाच राहील," ते म्हणाले. "चालवणार फक्त तू. आणि डेल्फिना, या गाडीतून जी माणसं गेली त्यांच्या घरचे याच गावात राहतात. त्यातल्या एकानं जरी मला येऊन सांगितलं की मेस्तासच्या पोरीनं आमच्या माणसाची थट्टा केली, तर दुसऱ्या दिवशी गाडी भंगारात जाईल. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

पापा शब्दाचे पक्के. ते गावातल्या लोकांचे नवरे, आया, लेकरं सांभाळतात, आणि लोक ती त्यांच्या हवाली करतात ती याच एका भरवशावर. मी हो म्हणाले. त्या वेळी मला काहीही हो म्हणायला जमलं असतं.

मग ते दिवस सुरू झाले. शाळा सुटली की आम्ही अंगणात. एलॉयच्या आजोबांच्या परसात गंजक्या गाड्यांचं जंगल होतं, त्यातून त्यानं पंप आणि नळ्या आणल्या. चाकांच्या वरती ते बसवले, मागे बॅटऱ्यांची रांग लावली, आणि पुढे चार बटणांची एक पेटी. बटण दाबलं की पंपाच्या जोरावर गाडी उठायची, दुसरं दाबलं की सुस्कारा सोडून खाली बसायची. पहिल्यांदा दाबलं तेव्हा नुसता मागचा उजवा पाय वर झाला. गाडी कुत्र्यानं खांबाशी उभं राहावं तशी उभी राहिली. आर्सेनियो हसून हसून जमिनीवर बसला, आणि एलॉयनं रुसून कानातलं यंत्रच काढून ठेवलं. रुसला की तो असाच करायचा. मग त्याच्याशी भांडताही येत नसे.

आतलं काम आर्सेनियोचं. शवपेटी सरकवायचे रूळ काढून टाकले आणि तिथं एका अंगाला लांबलचक कोच केला. पापांच्या कोठीत वाइनच्या रंगाची मखमल पडून होती. चुकून मागवलेली, कारण आमच्याकडे पेटीला सगळ्यांना पांढरंच अस्तर हवं असतं. ती मखमल आर्सेनियोनं चुण्या घालून, चुण्यांच्या गाठीवर बटणं लावून, कोचावर, भिंतींवर, छतावर अशी चढवली की आत शिरलं की आवाजसुद्धा मऊ व्हायचा. बसक्या गाडीचं आतलं काम आणि शवपेटीचं आतलं काम, दोन्ही एकच कला आहे. हे मला माहीत होतं, पण मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

एक दिवस पापा कॉफीचा कप घेऊन दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बटणाला दोरा दुहेरी घे रे. पेटीतला माणूस हलत नाही. यातले हलतील." आणि आत गेले. आर्सेनियोनं लावलेली सगळी बटणं उसवून पुन्हा दुहेरी दोऱ्यानं लावली.

मी काय केलं? मी क्रोम घासलं, सगळ्यांना खायला आणलं आणि सगळ्यांवर ओरडले. त्यापूर्वी मला कधी कुणावर प्रेमानं ओरडायला मिळालं नव्हतं. घरी जेवताना मी आपोआप दोन ताटं जास्त काढायला लागले. अंगणातली ती गाडी गेली तर हे दोघं कुठल्या निमित्तानं येतील, हा विचार मनात आला की मी तो झटकून टाकायची. क्रोम अजून जोरात घासायची.

ठरलं होतं की ईस्टरच्या रविवारी गाडी रांगेत न्यायची. त्या दिवशी डोंगरापलीकडच्या गावांतूनही गाड्या येतात. पण गावात काही लपून राहत नाही. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी गिल्बर्ट आमच्या टेबलाशी आला आणि आर्सेनियोच्या ताटातलं बिस्किट उचलून खायला लागला.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "मढं, शिंपीण आणि चोर. छान जमलंय. रविवारी याच. मी रस्त्यात गाडी आडवी घालणार. तुम्ही पुढं जाऊ शकणार नाही, मागे शंभर गाड्या अडकलेल्या. सगळे तुमच्या नावानं भोंगे वाजवतील. अख्खं गाव बघेल, आणि मग तुम्ही ते खटारं ढकलत घरी न्याल."

"ते बिस्किट खाली पडलं होतं," मी म्हणाले. पडलं नव्हतं. पण त्यानं ते थुंकलं, आणि तेवढंच समाधान.

गिल्बर्ट गेल्यावर आर्सेनियो म्हणाला, "मी नाही येत."

"येणार नाहीस म्हणजे?" माझं तापलं. "निम्मी गाडी तुझी आहे."

"तुम्ही दोघं जा. सगळे बघत असताना मला ते शिंपीण म्हणतील ना, तर मी तिथंच मरेन."

एलॉय चमचा चाटत म्हणाला, "मग झोपून ये. मागे पडदे आहेत. तुला कोण बघतंय?"

असं ठरलं. झोपून का होईना, तो येणार होता.

ईस्टरच्या दिवशी वारा सुटला. आमचा वसंतातला वारा म्हणजे अख्खं वाळवंट उचलून दारात आणून टाकतो. दुपारी रिव्हरसाइडवर इतकी तांबूस धूळ होती की सगळ्या गाड्यांनी दिवे लावले होते. तरी खुर्च्या मांडलेल्या होत्याच. धुळीला घाबरून ईस्टर चुकवणारी माणसं आमच्यात नाहीत. मी नवा झगा घातला होता. एलॉयनं केसांना पाणी लावलं होतं. आर्सेनियोनं स्वतः शिवलेला पांढरा सूट, पांढरे बूट. मागच्या कोचावर बसून तो पडद्याच्या फटीतून बघत होता.

पापांनी गाडीभोवती एक फेरी मारली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लक्षात आहे ना?"

"आहे, पापा."

आम्ही रांगेत शिरलो. एलॉयनं बटण दाबलं, गाडीनं सुस्कारा सोडला आणि रस्त्यावर बसली. मग आम्ही निघालो, सगळ्यांसारखे, सावकाश. काय सांगू. मी त्या रस्त्यानं हजार वेळा गेले होते, पण तो रस्ता आमच्यासाठी कधी रांगला नव्हता. पुढे एक जांभळी गाडी, तिच्या काचेत पोरं चिकटलेली. मागे दिव्यांची माळ. मला ओरडावंसं वाटत होतं. एलॉयचा हात खिशात नव्हता, खिडकीबाहेर होता.

बर्गरच्या टपरीपाशी पुढची जांभळी गाडी वळून गेली, आणि तिच्या जागी गिल्बर्टची पिकअप रस्त्यावर आडवी येऊन उभी राहिली. तिच्या शेजारी त्याच्या दोस्ताची दुसरी. भिंतच.

मागे धपकन आवाज झाला. आर्सेनियो आडवा झाला होता.

गिल्बर्ट उतरून माझ्या खिडकीशी आला. आमची गाडी इतकी खाली होती की त्याला माझ्याशी बोलायला जवळजवळ गुडघे टेकावे लागले. "चला," तो म्हणाला. "आता ऐका भोंगे."

मला भीती वाटत होती. हात स्टिअरिंगला चिकटले होते. मी एलॉयकडे बघितलं. एलॉयनं शांतपणे कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. "मला काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. मग बटण दाबून उरलीसुरली हवासुद्धा काढावी तशी गाडी पार जमिनीला टेकवली. आता ती बैलजोडीलाही ओढता आली नसती. मी इंजिन बंद केलं.

"आम्ही बसलोय," मी गिल्बर्टला म्हणाले. "तू उभा राहा. बघू कोण आधी कंटाळतं."

तो हसला, आणि मागच्या रांगेकडे तोंड करून त्यानं हात पसरले, आता वाजवा म्हणून.

कुणीही भोंगा वाजवला नाही.

वाऱ्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मी आरशात बघितलं. मागच्या गाडीतला माणूस खाली उतरला होता. त्यानं हॅट काढून छातीशी धरली होती. त्याच्या मागचाही. समोरून येणाऱ्या गाड्या एकामागून एक कडेला थांबत होत्या. खुर्च्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि छातीवर क्रूस करायला लागल्या. एका बाईनं पोराच्या हातातलं आइस्क्रीम काढून घेतलं.

मला कळायला जरा वेळ लागला. काळी शववाहिका, सावकाश चाल, मागे दिवे लावलेल्या गाड्यांची रांग. आमच्या गावात अशा गाडीच्या मागे भोंगा वाजवायला कुणाचा हात उठत नाही, बाळंतपणासाठी हॉस्पिटलला निघालेल्या बाईचासुद्धा. धुळीत लोकांना बाकी काही दिसलं नव्हतं. ईस्टरच्या दिवशी कुणीतरी गेलं, असं सगळं गाव समजून बसलं होतं.

गिल्बर्टची मला आता पर्वा नव्हती. पापा गर्दीत कुठंतरी होते, आणि मी अख्ख्या गावाकडून एका न मेलेल्या माणसासाठी हॅटा काढवून घेतल्या होत्या. याच्याहून मोठी थट्टा मी ठरवूनही करू शकले नसते.

"गिल्बर्ट." आवाज त्याच्या आजीचा होता. युफेलिया आजी म्हणजे दीड वीत उंचीची, पण चर्चमधली पहिलं बाकडं तिच्याच नावावर असल्यासारखं. ती खुर्चीवरून उठून रस्त्यात आली. "मेलेल्या माणसाची वाट अडवतोस? तुझ्या आजोबांची वाट कुणी अडवली होती का रे? टोपी काढ."

"आजी, आत कुणी मेलेलं नाहीये."

"तुला काय माहीत?"

"नाहीये ना पण. हे नुसते... हे लोकांना फसवतायत."

"टोपी काढ आधी."

त्यानं काढली. कान लालभडक झाले होते. मग तो पाय आपटत मागे गेला. "बघा," तो ओरडला, "बघा सगळे, आत काय आहे ते," आणि त्यानं मागचं दार खस्सकन उघडलं.

आत मखमलीवर आर्सेनियो उताणा पडला होता. पांढरा सूट, पांढरे बूट, डोळे गच्च मिटलेले, हात छातीवर. गर्दीतून एक उसासा आला. कुणीतरी म्हणालं, "अरेरे, किती लहान."

आणि आर्सेनियो उठून बसला.

किंचाळ्या चर्चपर्यंत गेल्या असणार. टपरीतल्या बाईच्या हातातला ट्रे खाली पडला. एक म्हातारे गृहस्थ तिथंच गुडघ्यावर आले. गिल्बर्ट मागे सरकताना स्वतःच्याच पायात अडकला आणि रस्त्यावर बसला, पाय पुढे पसरून, अगदी नीट.

आर्सेनियो पांढराफटक पडला होता. त्यानं एकदा त्या सगळ्या तोंडांकडे बघितलं, एकदा खाली बसलेल्या गिल्बर्टकडे. मला वाटलं हा आता पडदा ओढणार. पण तो कोचाच्या कडेला सरकला, पाय खाली सोडले आणि रस्त्यावर उतरला. सूट झटकला.

"दार हळू उघडत जा," तो म्हणाला. आवाज थरथरत होता, पण मोठा होता. "अस्तर ओढलं जातं. ते मी शिवलंय. सगळं मीच शिवलंय, हा सूटपण. मी तुला घाबरून लपलो होतो, गिल्बर्ट. आता नाही लपत. काय म्हणायचंय ते म्हण."

गिल्बर्टला उठायचं होतं, पण ते जमत नव्हतं.

आधी मागच्या गाडीतला माणूस हसला. मग ते हसू रांगेत मागेमागे गेलं, आणि मग वाजले भोंगे. एक, दोन, मग सगळेच, उगाच, आनंदानं, धुळीच्या पार शेवटापर्यंत. एलॉयनं घाईघाईनं कानात यंत्र घातलं. एवढं त्याला ऐकायचं होतं.

आणि मग ते थांबले, कारण पापा आले.

लग्न असो, ईस्टर असो, पापांचा कोट काळाच. लोकांनी सवयीनं त्यांना वाट दिली. ते माझ्या खिडकीशी वाकले. आवाज इतका कमी, की मला त्यांचे ओठ वाचावे लागले.

"कोण आहे?"

"कुणी नाही, पापा. नुसता आर्सेनियो आहे."

गुडघ्यावर आलेले ते म्हातारे गृहस्थ, तिबुर्सियो, आता धूळ झटकत उठले. "सेलेस्तिनो, मी इतका वेळ उघड्या डोक्यानं उभा होतो," ते पापांना म्हणाले. "प्रार्थना म्हटली मी. माझी बायको याच गाडीतून गेली. आणि आज मी प्रार्थना म्हटली ती कुणासाठी?"

आता कुणी हसत नव्हतं. पापांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. आणि माझ्यापुढे हात केला. "किल्ली दे, डेल्फिना."

मी दिली. दुसरं काय करणार? मी शब्द दिला होता. मला रडू येत होतं आणि गाडीसाठी नव्हतं येत. शेजारी एलॉयनं दोन्ही हात परत खिशात घातले, ते मला बघवलं नाही. "पापा," मी म्हणाले, "त्यांचं घरी येणं बंद करू नका. ते दोघं माझे मित्र आहेत. मला दुसरे नाहीत."

"सेलेस्तिनो, ती किल्ली खिशात घालू नकोस." युफेलिया आजी उघड्या दाराशी उभी होती. छतावरच्या चुण्या बघत होती. "मी पण आणलं होतं ना माझ्या प्लासिदोला या दारापर्यंत. आत ठेवलं त्याला, आणि तू दार लावलंस, आणि मी बाहेर राहिले. तेव्हापासून मनात आहे, आतून कसं दिसत असेल." तिनं आर्सेनियोचा हात धरला. "मला चढव रे, पोरा."

आर्सेनियोनं तिला चढवलं. ती कोचावर बसली. मखमलीवरून हात फिरवला, एक बटण धरून ओढून बघितलं. ते जागचं हललं नाही.

"प्लासिदो जन्मभर फाटक्या सीटवर बसला," ती म्हणाली. "त्याला हे आवडलं असतं." मग डोळे पुसले आणि बाहेर बघून म्हणाली, "तिबुर्सियो, असा काय उभा आहेस? तुझी पण इथून गेली ना? ये की. जागा आहे."

तिबुर्सियो दाराशी घुटमळले. आत वाकून बघितलं. पापांकडे बघितलं. मग हॅट डोक्यावर ठेवली आणि पुटपुटले, "प्रार्थना केलीच आहे, आता वाया कशाला घालवू. सरक." आणि चढले. त्यांच्यामागून अजून एक आजी आली, तिच्या मागून टपरीतली बाई. आर्सेनियो प्रत्येकीला हात देत होता, लग्नातल्या पाहुण्यांना द्यावा तसा.

पापांनी ते सगळं बघितलं. मग किल्ली माझ्या हातात परत ठेवली.

"गिल्बर्ट," आतून आजीचा आवाज आला, "ते तुझं ताडासारखं धूड बाजूला घे. आणि माझी खुर्ची उचलून मागून चालत ये."

पिकअप बाजूला झाल्या. पापांनी कोटाची बटणं लावली, हॅट सरळ केली, आणि गाडीच्या पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. एखाद्याच्या घरून मेलेलं माणूस न्यायचं असलं की पापा गाडीत बसत नाहीत. कोपऱ्यापर्यंत ते गाडीच्या पुढे पायी चालतात, म्हणजे रस्त्याला कळावं की मागून मानाचं माणूस येतंय. हा मान त्यांनी कधी आमदाराला जास्त दिला नाही की भिकाऱ्याला कमी दिला नाही. जिवंत माणसाला मात्र आजवर कुणालाच दिला नव्हता.

ते चालायला लागले. एलॉयनं हात बाहेर काढून बटण दाबलं, गाडी बोटभर उठली, आणि मी त्यांच्या मागून निघाले, त्यांच्या पावलाच्या वेगानं. मागे आजी लोक कुठल्यातरी बाईची निंदा करत होते, आर्सेनियो हसत होता, आणि सगळ्यांच्या मागून गिल्बर्ट खुर्ची काखेत मारून चालला होता.

पापा कोपऱ्याशी थांबले नाहीत. पुढे चालतच राहिले. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, ताठ, काळी, नेहमीसारखी. चेहरा दिसत नव्हता. पण समोर खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना तो दिसत होता, आणि ते सगळे, एकामागून एक, त्यांच्याकडे बघून हसत होते.